पोर्टिंग, साखळी-करवतीच्या इंजिनाचे

टू-स्ट्रोक, म्हणजे दोन धावांच्या, इंजिनाच्या सिलिंडरला जी द्वारे असतात त्यांची उंची, रुंदी, दिशा व आतील मार्ग हे कारखान्याने ठरविलेल्या मापांपासून हेतुपुरस्सर बदलून, तितक्याच घनफळाच्या इंजिनाकडून अधिक शक्ती मिळविण्याच्या कारागिरीस पोर्टिंग ही संज्ञा आहे. चार धावांच्या इंजिनात वायूंच्या येण्याजाण्याचा बंदोबस्त झडपांकडे असतो. साखळी-करवतीच्या, म्हणजे चेनसॉच्या, इंजिनात झडपा नसतात, आणि वरखाली होणारा पिस्टनच आपल्या कडांनी द्वारे झाकतो व उघडतो. म्हणून येथे द्वाराची कड मिलिमीटरभर सरकली की इंजिनाचे सारे वेळापत्रक सरकते. हे वेळापत्रक क्रँकशाफ्टच्या ज्या फेऱ्यात बसवायचे तो ३६० अंशांचाच असल्यामुळे, एका द्वाराला वाढवून दिलेला काळ दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यातून वजा होतो, आणि पोर्टिंगचे शास्त्र मुख्यतः या जमाखर्चाचे शास्त्र आहे.

इतिहास : दोन धावांच्या इंजिनाचे एक आरंभीचे यशस्वी रूप स्कॉटिश अभियंता ड्युगाल्ड क्लर्क याने सिद्ध करून १८८१ मध्ये त्याचे पेटंट घेतले, परंतु त्यात ताजे मिश्रण भरण्यासाठी निराळा पंप लागे. इंग्लंडातील बाथ येथील जोसेफ डे याने क्रँककेसलाच पंपाचे काम सांगितले, आणि १८९२ मध्ये त्याच्याकडील फ्रेडरिक कॉक याने प्रवेशद्वाराचा कारभारही पिस्टनच्या खालच्या कडेकडे सोपवून तीन द्वारांची, झडपरहित रचना पूर्णत्वास नेली. पुढे १९२५ च्या सुमारास जर्मनीतील अडोल्फ श्न्यूर्ले याने ताज्या मिश्रणाचे झोत बाहेर जाण्याच्या द्वाराकडे पाठ करून वळविण्याची युक्ती काढली. आजच्या चेनसॉचे सिलिंडर याच वळणाचे आहेत.

करवतीचा इतिहास याच काळाला समांतर जातो. आंद्रेआस श्टील याने १९२६ मध्ये विजेवर चालणारी व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत आणली. एमिल लेर्प याने १९२७ मध्ये आपली पेट्रोल करवत थुरिंगियातील डोल्मार डोंगरावर चालवून पाहिली व त्या डोंगराचेच नाव तिला दिले. ही यंत्रे दोन माणसांनी मिळून धरावी लागत. जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यावरून १९४७ मध्ये नव्या दातांची साखळी बनविली, आणि १९५९ च्या ‘श्टील कॉन्ट्रा’पासून मधले दंतचक्र गाळून साखळी थेट इंजिनाच्या गतीने फिरविण्याची रीत रूढ झाली. गिअर गेल्यानंतरची इंजिने अधिक वेगाने फिरू लागली, व वेग वाढताच द्वारांच्या मापांना पूर्वी नव्हते ते महत्त्व आले.

पोर्टिंगची विद्या मात्र मोटारसायकलींच्या शर्यतींत वाढली. पूर्व जर्मनीतील त्शोपाउ येथील एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन याने निष्कास-नळीतील दाबलहरींचा उपयोग करून १९६१ पर्यंत १२५ घ. सेंमी. च्या इंजिनातून २५ अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे २००, काढून दाखविली. १९७३ मध्ये अमेरिकन लेखक गॉर्डन जेनिंग्ज याने हे ज्ञान पुस्तकरूपाने सामान्य कारागिराच्या हाती दिले. अमेरिकेच्या वायव्येकडील ऑरेगन व वॉशिंग्टन या अरण्यप्रधान राज्यांत, तसेच लाकूडतोड्यांच्या स्पर्धांतील ‘हॉट सॉ’ नामक सुधारित करवतींच्या प्रकारात, या विद्येची साखळी-करवतीशी गाठ पडली.

रचना व कार्य : तेलमिश्रित पेट्रोलवर धावणाऱ्या लूना व जुन्या बजाज स्कूटरी ज्यांनी चालविल्या आहेत त्यांना या जातीच्या इंजिनाचा आवाज व धूर परिचित आहेच. पिस्टन वर जाऊ लागला की खाली क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होते, त्याची खालची कड प्रवेशद्वारावरून सरकते, व कार्बोरेटरमधील मिश्रण आत ओढले जाते. त्याच वेळी वरच्या बाजूस आधीच्या फेऱ्यातील मिश्रण दाबले जात असते. ठिणगी पडून पिस्टन खाली येऊ लागला की प्रथम निष्कासद्वार उघडते व जळलेल्या वायूंचा दाब ओसरतो. नंतर दोन्ही बाजूंची संक्रमणद्वारे उघडतात, आणि क्रँककेसमध्ये दाबले गेलेले ताजे मिश्रण मागच्या भिंतीवर आपटून वर चढते, माथ्यावरून वळते व जळका वायू पुढे ढकलून देते. या क्रियेस संमार्जन म्हणतात. घर झाडताना केराबरोबर थोडे धान्यही बाहेर जावे, तसे काही ताजे मिश्रण या वेळी न जळताच निसटते. ते कमीत कमी निसटावे व सिलिंडर अधिकात अधिक भरावा, या परस्परविरोधी मागण्यांत तडजोड करणे हे पोर्टिंग करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

द्वारांचे वेळापत्रक : द्वारांच्या उघडझापेची मोजणी क्रँकशाफ्टच्या अंशांत करतात. कारागिरांत रूढ असलेल्या आकड्यांप्रमाणे निष्कासद्वार पिस्टन माथ्यावरून निघाल्यापासून सुमारे १०० ते १०५ अंशांवर, संक्रमणद्वारे सुमारे १२० अंशांवर, आणि प्रवेशद्वार पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वी सुमारे ७५ ते ८० अंशांवर उघडते. पिस्टन ज्या अंतरावर द्वार उघडतो त्याच अंतरावर परतताना झाकतो. त्यामुळे लवकर उघडण्याची मुभा घेणाऱ्यास उशिरा मिटण्याचा दंडही भरावा लागतो. १०२ अंशांवर उघडणारे निष्कासद्वार १५६ अंश उघडे राहते. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा सेकंदाच्या दोनशेव्या भागात संपतो, आणि निष्कासद्वार उघडल्यापासून संक्रमणद्वारे उघडेपर्यंतचे १८ अंश सेकंदाच्या चार हजाराव्या भागात उरकतात. एवढ्या अवधीत दाब पुरेसा उतरला नाही, तर जळका वायू उलट संक्रमणद्वारांत घुसतो व ताजे मिश्रण नासवितो.

हेच गणित मिलिमीटरमध्ये मांडले म्हणजे नवशिक्याला कानशीचा धाक कळतो. हुस्क्वार्ना ३७२ एक्सपी या प्रसिद्ध करवतीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतील व्यास, ५० मिमी. व धाव ३६ मिमी. असून घनफळ ७०.७ घ. सेंमी. येते. एवढ्या धावेच्या इंजिनात निष्कासद्वाराच्या कडेशी एक अंश म्हणजे सुमारे ०.३ मिमी.; अर्थात ती कड एक मिमी. वर गेली की द्वार तीन अंशांहून लवकर उघडते, तितकेच उशिरा मिटते, व एकूण अवधी सहा-सात अंशांनी वाढतो. शर्यतीच्या मोटारसायकलीत हा अवधी १९० अंशांच्या वर नेतात, कारण तेथे निसटलेले मिश्रण लांब, फुगीर निष्कास-नळीतील लहरी परत ढकलतात. हातात धरून झाडावर चालवायच्या करवतीला तशी नळी लावणे व्यवहार्य नसते. तिच्या पेटीवजा मफलरपाशी गेलेला माल परत येत नाही. मोटारसायकलीचे आकडे करवतीवर लादणारा म्हणूनच मोकळे फिरताना किंचाळणारे, पण लाकडाला दात लागताच दबणारे यंत्र तयार करतो.

संपीडन : निष्कासद्वार वर नेल्याने मिश्रण कोंडले जाण्याचा आरंभ लांबतो व दाब घटतो. तो भरून काढण्यासाठी सिलिंडरच्या बुडाचे गॅस्केट काढून टाकतात, किंवा लेथवर सिलिंडरचे बूड व डोक्यातील स्क्विश, म्हणजे पिस्टनच्या कडेसमोरचा चपटा पट्टा, कातून सिलिंडर खाली बसवितात. पिस्टन व हा पट्टा यांमध्ये माथ्यावर सुमारे ०.५ मिमी. अंतर उरावे असा प्रघात आहे. त्याहून कमी झाल्यास वेगात ताणलेला पिस्टन डोक्यावर आदळण्याचा संभव असतो. सिलिंडर खाली बसताच सर्व द्वारे खाली येतात : निष्कास व संक्रमण उशिरा उघडतात, तर प्रवेशद्वार लवकर उघडून अधिक काळ खुले राहते. म्हणून आधी सिलिंडर बसवावा, मग नव्याने मोजावे, व त्यानंतरच द्वारांना हत्यार लावावे, हा क्रम अनुल्लंघनीय मानला जातो.

रुंदी व मार्ग : वेळापत्रकाला धक्का न लावता लाभ देणारी वाढ रुंदीची. निष्कासद्वार बोअरच्या सुमारे ६० ते ६५ टक्क्यांपर्यंत रुंद करता येते. त्यापुढे पिस्टनची रिंग द्वारात फुगून अडकू लागते, यासाठी वरची कड सरळ न ठेवता कमानदार ठेवतात. रिंगची टोके द्वारासमोर येणार नाहीत आणि रुंदावलेले द्वार पिस्टनच्या बाजूंनी उघडे पडणार नाही, हे आधी ताडून पाहावे लागते. संक्रमणमार्गांत झोताची दिशा हीच खरी संपत्ती असल्याने तेथे फार खरडणे अहितकारक ठरते. आरंभीच्या अभ्यासात ओतकामातील खरबरीत कंगोरे काढणे व गॅस्केटशी न जुळणाऱ्या तोंडांची जुळणी करणे एवढेच पुरेसे असते.

साधने व पद्धती : अंशचक्र, पिस्टन रोखण्याची खुंटी, दाबमापक, फेरेमापक, लवचिक शाफ्टवर चालणारे काटकोनी हॅण्डपीस आणि कार्बाइड व हिऱ्याचे बर ही मुख्य साधने. स्क्विशचे अंतर मोजण्यास सोल्डरची तार स्पार्क-प्लगच्या भोकातून आत सरकवून इंजिन हाताने फिरवितात व चेपलेल्या तारेची जाडी पाहतात. बोअरवर निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा किंवा क्रोमचा अत्यंत पातळ कठीण थर असतो. बर त्याच्या कडेवर उडाला तर थराचा टवका निघतो आणि सिलिंडर निकामी होतो. काम संपल्यावर प्रत्येक द्वाराची कड किंचित उतरती करतात, जेणेकरून रिंग ठेचाळणार नाही. नंतर धातूचा कीस राहू नये म्हणून सिलिंडर साबणाच्या पाण्याने धुतात. जोडणीनंतर क्रँककेसला हवेची गळती नाही याची दाब देऊन खातरजमा करावी लागते. कारण गळतीमुळे मिश्रण पातळ होते, आणि तेलही पेट्रोलबरोबरच येत असल्याने पातळ मिश्रण म्हणजे उपाशी पिस्टन. याच कारणास्तव मफलर मोकळा केला वा द्वारे वाढविली की कार्बोरेटरचे स्क्रू नव्याने लावणे क्रमप्राप्त होते.

मर्यादा व कायदा : अधिक शक्तीबरोबर उष्णता, इंधनाचा खप, आवाज व हाताला बसणारा कंप वाढतो, आणि इंजिनाचे आयुष्य घटण्याचा संभव असतो. अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुरावर १९९७ पासून निर्बंध आहेत व त्यासाठी बसविलेल्या योजनेत फेरफार करण्यास कायद्याने मनाई आहे. मफलरमधील ठिणगी अडविणारी जाळी काढून टाकणे हा तर अरण्यात वणव्याला आमंत्रण देण्याचा प्रकार होय. साखळी थांबविणारा ब्रेक, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण यांची निकड पोर्टिंगनंतर वाढते.

अभ्यास : या विद्येत खरडलेली धातू परत लावता येत नाही, म्हणून नवशिक्याने भंगारातील किंवा स्वस्त बदली सिलिंडर घेऊन प्रथम केवळ मापे घ्यावीत, बोअरच्या घेराएवढ्या कागदावर सर्व द्वारांचा ठसा उतरवून नकाशा करावा, व प्रत्येक बदल अंश आणि मिलिमीटर अशा दोन्ही रकान्यांत वहीत रुजू करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर लाभ कशाचा व हानी कशाची याचा निवाडा होत नाही. अंतिम परीक्षा लाकडावर : एकाच ओंडक्यातून, त्याच साखळीने, कामापूर्वी व कामानंतर घड्याळ लावून काप घ्यावेत. त्या दोन कापांच्या मध्ये कोणी साखळीला धार लावली, तर सारी नोंद व्यर्थ जाते. कारण बोथट दातांवर फिरलेली चांगली कानस सेकंदांचा जो फरक पाडते, तो सिलिंडरमधील आठवडाभराच्या खरडणीला बहुधा साधत नाही.

पहा : अंतर्ज्वलन-इंजिन; कार्बोरेटर; करवत.