फेन्वे पार्कची हिरवी भिंत

गेल्या शरद् ऋतूंत कन्येकडे बोस्टनला गेलों असतां जांवईबापूंनीं मला फेन्वे पार्क हें बेसबॉलचें क्रीडांगण दाखविण्यास नेलें. आमची पिढी क्रिकेटवर वाढलेली. बेसबॉलचें मला अक्षरही कळत नव्हतें. तथापि ज्यानें उभा जन्म शाळेंत इतिहास शिकविण्यांत घालविला, त्यास जुनी वास्तु पाहावयास मिळणें म्हणजे पर्वणीच. अमेरिकेंत या खेळाचे सर्वांत वरच्या श्रेणीचे सामने ज्या मैदानांवर होतात, त्यांत हें सर्वांत जुनें. २० एप्रिल १९१२ रोजीं तें खुलें झालें. टायटॅनिक जहाज बुडून तेव्हां पांचच दिवस लोटले होते.

सामना नसतांही तिकीट काढून मैदान पाहतां येतें. मार्गदर्शक तरुणानें आम्हांस निळ्या लाकडी खुर्च्यांच्या रांगांतून नेलें आणि समोर ती प्रसिद्ध हिरवी भिंत उभी राहिली. उंची सदतीस फूट! शहरांतील रस्त्यांच्या कचाट्यांत सांपडून मैदानाची डावी बाजू आंखूड पडली, म्हणून हा खटाटोप. इतरत्र जो फटका सरळ सीमेपार जावा, तो येथें भिंतीवर आदळून परत येतो. पूर्वीं तिजवर जाहिराती असत; १९४७ सालीं ती हिरवी झाली. तिच्या पोटांत माणूस बसतो आणि धांवांचे आंकडे अद्याप हातानें लावितो.

उजवीकडे दूरवर हिरव्या आसनांत एकच आसन लाल. ९ जून १९४६ रोजीं टेड विल्यम्सचा फटका ५०२ फुटांवर तेथें एका प्रेक्षकाच्या गवती हॅटवर येऊन पडला. लोक त्याचीं छायाचित्रें घेत होते. माझ्या मनांत मात्र आदल्या रात्रीं वाचलेला, त्याच्याही वर्षभर आधींचा प्रसंग घोळत होता.

त्या काळीं या श्रेणींत गोऱ्या खेळाडूंनाच प्रवेश असे. नियम कोठें लिहिलेला नव्हता. पण मोडीत कोणी नसे. रविवारच्या सामन्यांस नगरमंडळाची अनुमति लागे. तिचा आधार घेऊन इझाडोर मच्निक या सभासदानें येथील रेड सॉक्स संघावर दडपण आणलें, आणि १६ एप्रिल १९४५ रोजीं तीन कृष्णवर्णीय खेळाडूंची चांचणी या मैदानावर झाली: जॅकी रॉबिन्सन, सॅम जेथ्रो व मार्व्हिन विल्यम्स. रॉबिन्सननें याच भिंतीवर चेंडूमागून चेंडू आदळविले असें सांगतात. पुढें बोलावणें कोणासही आलें नाहीं. आम्हां मास्तरांस असली परीक्षा ठाऊक आहे: निकाल आधीं लागलेला असतो, उत्तरपत्रिका मागाहून लिहवून घेतात!

दोन वर्षांनीं, १५ एप्रिल १९४७ रोजीं, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघांतून उतरला व त्या वर्षींचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. १९५० सालीं तोच मान जेथ्रोस मिळाला. रेड सॉक्सच्या संघांत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू उतरला तो १९५९ सालीं, सोळा संघांत सर्वांच्या मागून.

तेव्हांचे मालक टॉम यॉकी. त्यांचें नांव १९७७ सालीं बाहेरच्या रस्त्यास दिलें होतें. या इतिहासामुळेंच २०१८ सालीं तें काढून जर्सी स्ट्रीट हें जुनें नांव परत आणलें. भिंतीवरील धांवफलकाच्या पांढऱ्या रेघांत मात्र तारायंत्राच्या टिंबरेघांनीं मालक व त्यांच्या पत्नी यांचीं आद्याक्षरें कोरलेलीं आहेत.

निघतांना उजव्या बाजूच्या छताच्या कडेवर दृष्टि गेली. संघाच्या थोर खेळाडूंचे अंक तेथें लाल रंगांत लाविले आहेत. त्या रांगेंत रॉबिन्सनचा ४२ हा अंकही आहे, कारण १९९७ सालीं सर्वच संघांनीं तो त्याच्या सन्मानार्थ राखून ठेविला. तो तेवढा निळा आहे. निळा रंग ब्रुकलिनच्या संघाचा.