बालमृत्यूंची चौकशी

भोर तालुक्यातील कापूरहोळ हे गाव इतिहासात एका दूधआईमुळे स्मरणात राहिले आहे. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला; मातोश्री सईबाईंची प्रकृती ढासळल्याने बाळास दूध पुरेना, तेव्हा या गावच्या धाराऊ गाडे हिला बोलाविण्यात आले, असे परंपरा सांगते. पुढे १६५९ साली वेल्ह्याच्या मुलखातील राजगडावर सईबाई निवर्तल्या. राजपुत्र मात्र जगला, आणि त्यास जगविणाऱ्या स्त्रीचे नावही उरले. परंतु त्याच काळी याच डोंगरकपारींत जी मुले दुधावाचून वा तापाने गेली, त्यांविषयी बखरी मूक आहेत. कोणा सामान्याच्या मुलाचा मृत्यू हाही राज्यकारभाराचा विषय आहे, ही कल्पना अगदी अर्वाचीन होय. ती आपल्याकडे कशी रुजली, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिली पायरी मोजदादीची. इंग्रजी अमलात गावोगाव जन्ममृत्यूच्या वह्या लिहिल्या जाऊ लागल्या. गाव नमुना चौदा, किंवा लोकांच्या तोंडचे कोतवाल बुक, ते हेच. १९६९ च्या कायद्याने ही नोंदणी स्वतंत्र भारतात सर्वत्र सक्तीची झाली. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधार्थ असल्या जुन्या वह्या सरकारी कपाटांतून बाहेर निघाल्या. जातीच्या रकान्यावरून असंख्य डोळे फिरले. शेजारच्याच रकान्यात मुलाच्या मृत्यूचे कारण म्हणून लिहिलेल्या ‘ताप’ या एका शब्दापाशी त्यांतील किती थबकले असतील? वहीने मृत्यू मोजला खरा. तो का घडला, हे मात्र कोणी विचारले नाही.

हा ‘का’ विचारण्याची दुसरी पायरी जगातही उशिराच आली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे १९७८ साली डॉक्टर, पोलीस व समाजसेवक एकत्र बसून बालमृत्यूंची छाननी करू लागले; इंग्लंडात २००८ पासून अशी मंडळे कायद्याने सर्वत्र नेमली गेली. अमेरिकेतील छाननीचा उगम मुलाच्या छळाच्या संशयात होता. आपल्याकडील प्रश्न निराळा होता. मुलास कोणी मारले, यापेक्षा त्यास वाचवावयास कोण वेळेवर पोहोचले नाही, हे आपणांस शोधावयाचे होते.

१९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघर जाऊन मृत्यू नोंदविले, आणि गावातीलच स्त्रियांस शिकवून नवजात अर्भके वाचविता येतात हे सिद्ध केले. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल निघाला. सरकारी आकडे खऱ्या बालमृत्यूंहून पुष्कळच कमी आहेत, असे त्याने दाखविले. शासनाने डिसेंबर २००३ मध्ये डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. टीकाकारालाच परीक्षक नेमणे ही राज्यकर्त्यांच्या इतिहासात विरळा गोष्ट आहे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

२०१४ साली केंद्र सरकारने बालमृत्यू अन्वेषणाची पद्धत घालून दिली. पाच वर्षांखालील मूल दगावल्यास आशा कार्यकर्तीने चोवीस तासांत कळवावे. परिचारिकेने घरी जाऊन प्राथमिक चौकशी करावी. निवडक मृत्यूंबाबत आईबापांकडून आजाराची साद्यंत हकीकत लिहून घ्यावी. रुग्णालयातील मृत्यूंची छाननी तेथेच व्हावी. आणि हे सर्व जिल्हा समितीपुढे यावे, अशी ती साखळी आहे. भोर व वेल्हे यांसारख्या मुलखात या हकीकतीचे मोल विशेष. भाटघर व पानशेतच्या जलाशयांपलीकडील एखाद्या वाडीत, आषाढाच्या झडीत तान्हे मूल अंगावर पिणे सोडते. धोका ओळखण्यास किती वेळ गेला? गाडी मिळण्यास किती? दवाखान्यात पोहोचल्यावर उपचारास किती? ‘न्यूमोनिया’ या एका शब्दाने हे कळत नाही. आणि कळल्याखेरीज पुढील पावसाळ्यापूर्वी काय दुरुस्त करावे, हेही ठरत नाही.

मात्र या साखळीचा सारा भार तिच्या सर्वांत दुबळ्या कडीवर आहे. मृत्यू कळविणाऱ्या आशेलाच जाब विचारला गेला, तर पुढच्या वेळी ती गप्प बसेल, अथवा जिवंत जन्मलेले मूल कागदावर मृतजात ठरेल. शिक्षेच्या भयाने आकडा कमी होतो, मृत्यू कमी होत नाहीत. म्हणून चौकशी दोषी शोधण्याकरिता नसून त्रुटी शोधण्याकरिता आहे, हे शासनाने बोलण्याने नव्हे, वर्तनाने पटविले पाहिजे.

महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके २००५ साली ३६ होती. २०२० साली ती १६ वर आली. ही प्रगती मोठी आहे, परंतु सरासरीचा आकडा वाडी दाखवीत नाही. आमच्या मते चौकशीची खरी कसोटी एकच: जिल्ह्याच्या समितीत जे उमगले, ते ज्या आईने आपली हकीकत सांगितली तिच्या वाडीपर्यंत परत पोहोचले काय? धाराऊला निरोप धाडावयास गडावर राजा होता. आज तो निरोप धाडण्याचे कर्तव्य लोकांच्या राज्याकडे आहे, आणि तो प्रत्येक घरासाठी धाडावयाचा आहे.