बिनकोकोचे चॉकलेट

आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरात कागदात गुंडाळलेली कुठलीही गोळी म्हणजे चॉकलेट! राजराजेश्वराच्या देवळाकडे जाताना किराणा दुकानात काचेच्या बरणीत ती दिसत. पुढे मी मास्तर झालो, तेव्हा वाढदिवसाला मुले वर्गात हीच चॉकलेटे वाटत. त्यांत रावळगाव असले की चेहरे खुलत.

वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावला साखरेचा उद्योग उभारला. १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. २०२४ मध्ये हे नाव रिलायन्सने २७ कोटींना घेतले. असो.

त्या संत्र्या-लिंबाच्या गोळ्यांत कोकोचा कणही नसे. खरे चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळते. आमच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात ते बरणीत टिकणार कसे? तरी पोरे आनंदी!

हे आठवायला कारण घडले. बहीण गेल्यावर आमच्या सौं.चे जेवण तुटले, झोप उडाली. कुणीतरी सांगितले, काळे चॉकलेट द्या, मेंदूत आनंदाचे रसायन तयार होते. मी रोज एक तुकडा देत राहिलो. त्यात दोन महिने गेले.

मग वाचत गेलो. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन आणि थोडे कॅफिन असते, त्याने तरतरी येते. प्रेमाचे रसायन म्हणून गाजलेले फेनिलइथिलअमाइनही असते, पण शरीर त्याचा बहुतेक भाग मेंदूत पोचण्याआधीच मोडून टाकते. १९९४ साली अमेरिकेत मिचेनर आणि रोझिन यांनी चॉकलेटची तल्लफ असणाऱ्यांना कोकोच्या कॅप्सूल दिल्या. कोकोतली रसायने पोटात गेली, पण तल्लफ भागली नाही. कोकोची भुकटी नसलेल्या पांढऱ्या चॉकलेटने मात्र थोडीफार भागली. म्हणजे गोडी मुख्यतः जिभेवर, वासात, तोंडात विरघळण्यात! आमच्या बरणीतल्या गोळ्यांचे कोडे मला तिथे उलगडले. आनंद खरा असतो, पण तो घटकाभराचा. आजारावर तो औषध नव्हे.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. नैराश्य निघाले. औषधे सुरू झाली, काही आठवड्यांनी ती पोटभर जेवू लागली. परवा मी हे सारे तिला समजावून सांगितले. ती हसून म्हणाली, "मले तं ते कडूच लागे बाप्पा! तुम्ही देत होते म्हनून खाल्लं."

मित्रहो, घरात कुणी असे गप्प झाले तर चॉकलेट जरूर द्या, पण दोन महिने थांबू नका.