तळटीप १४ : न्यूबर्गचे मुख्यालय

१४. न्यूबर्गचे मुख्यालय : न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी असलेले हॅसब्रूक कुटुंबाचे दगडी घर. एप्रिल १७८२ ते ऑगस्ट १७८३ जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मुक्काम इथे होता. स्वातंत्र्ययुद्धात दुसऱ्या कुठल्याही मुख्यालयात ते इतके दिवस राहिले नाहीत.

मजकुरातली ‘सात दारांची खोली’ याच घरातली. दारे सात, खिडकी मात्र एकच! राजेपद स्वीकारावे असे सुचवणाऱ्या कर्नल लुईस निकोला यांना वॉशिंग्टन यांनी २२ मे १७८२ रोजी सडेतोड नकार कळवला, तो न्यूबर्गच्या याच मुक्कामात. हाती सैन्य असलेल्या सेनापतीने मुकुट नाकारावा, ही फार मोठी गोष्ट आहे.

१८५० मध्ये राज्य सरकारने हे घर ताब्यात घेऊन जतन केले. सार्वजनिक मालकीचे अमेरिकेतले हे पहिले ऐतिहासिक स्थळ मानले जाते.