मेळ्यातली झील

माथेरानला ऐन पावसाळ्यात पूर्वी पाहुणे फारसे नसत. माझ्या लहानपणी त्या दिवसांत दुकानांच्या फळ्या लागायच्या, घोडे बांधून असायचे. भाद्रपदात मात्र आळीतल्या गणपतीपुढे पंधरा-वीस पोरे जमायची. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी झील धरायची. मीही त्यांत असे. मुसलमानाचा पोरगा इथे कसा, असे कोणी विचारले नाही. माझा आवाज वरच्या पट्टीत लागायचा, तेवढे पुरे होते.

पुढे बी. ए.ला असताना या गाण्याचे कूळ शोधू लागलो आणि मेळ्यांपाशी पोहोचलो. १८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा झाला. दुसऱ्याच वर्षी, १८९४ साली, पुण्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सवात मेळे निघाले. मेळा म्हणजे पेठेतल्या मुलांचे गाणारे पथक. कुठे वीसजण, कुठे शंभरावर. बहुतेक शाळाकॉलेजातले विद्यार्थी. आधी तालमी व्हायच्या, मग मावळ्यांसारखा पोशाख करून, पदे म्हणत पोरे रस्त्यावर उतरायची.

हा थाट आला कुठून? पुष्कळसा मोहरमातून. तोवर पुण्यातले हिंदू डोल्यांत हौसेने सामील होत, ताबुतांपुढे वाजवीत, नाचत. तिथल्या टोळ्यांचाच रंग मेळ्यांनी उचलला. आणि त्या पहिल्या वर्षांतली काही पदे हिंदूंना सांगत होती, की आता डोल्यांकडे फिरकू नका.

हे वाचले त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ज्या गाण्यात मी वाढलो, त्याच्या उगमापाशी मलाच दूर सारणारे शब्द होते.

पण मेळा तिथेच थांबला नाही. त्यात स्वदेशी आली, स्वराज्य आले. इंग्रज सरकार पदांवर डोळा ठेवू लागले. १९२० नंतरच्या दशकात केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर मंडळींनी छत्रपती मेळा काढला आणि तेच हत्यार जुन्या पुढाऱ्यांवर उलटवले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. अमर शेख म्हणजे बार्शीचे मेहबूब पटेल. आईच्या ओव्या ऐकत वाढलेला हा शाहीर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गायला उभा राहिला, की मैदानेच्या मैदाने त्याच्यामागे झील धरत.

साथ करणाऱ्या पोरांना पद कोणी लिहिले, का लिहिले, हे बहुधा ठाऊक नसते. म्हणून जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. मी स्वतः कविता करतो, म्हणून हे बोलतो आहे. आपली ओळ उद्या कुठल्या आळीतले पोर उचलील, आणि ती म्हणताना शेजारी उभ्या असलेल्या पोराला मान खाली घालावी लागेल का, एवढे तरी कागदावर उतरवण्याआधी पाहावे.

आमच्या आळीत मला तशी वेळ कधी आली नाही. ते ऋण मी विसरलेलो नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)