श्रीहार्जोचा हिशेब

मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. एका पतसंस्थेत तीस वर्षं हिशेबनीस म्हणून काम केलं. वाचनाची सवय लागली ती पुण्यातल्या ग्रंथालयांमुळे, आणि खेड्यांच्या जुन्या पाहण्या वाचण्याचा नाद लागला तो डॉ. हॅरॉल्ड मान यांच्यामुळे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य असलेल्या मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध केली. १७७१ साली या गावात सरासरी खातं चाळीस एकरांचं होतं. १८१८ साली ते साडेसतरा एकरांवर आलं आणि १९१४-१५ मध्ये सात एकरांवर. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमचं भोर तालुक्यातलं भातखाचर आठवलं. आजोबांची चार एकर जमीन तीन मुलांत वाटली गेली. वडिलांच्या वाट्याला आलेले त्रेपन्न गुंठे आम्हा दोघा भावांत विभागले गेले. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे आज सव्वीस गुंठे आहेत.

मान यांच्यासारखंच आणखी कुणी, आणखी कुठे गावाचं असं गणित मांडलंय का, हे शोधताना मला श्रीहार्जो सापडलं. हे गाव इंडोनेशियात, जावा बेटावर आहे. मी तिथे गेलेलो नाही. त्याची ओळख मला झाली ती त्याच्या हिशेबातून, आणि गेली काही वर्षं हा हिशेब माझ्या डोक्यातून जात नाही.

योग्यकार्ता शहराच्या दक्षिणेला, वीसेक किलोमीटरवर, बांतुल जिल्ह्यात हे गाव आहे. शेजारीच इमोगिरी आहे. मातारामचा राजा सुलतान आगुंग यानं १६३२ साली तिथल्या टेकडीवर राजघराण्याचं दफनस्थान उभारायला सुरुवात केली. दगडी पायऱ्या चढून आजही माणसं तिथे दर्शनाला जातात. टेकड्यांच्या पायथ्याशी ओपाक आणि ओया या नद्यांच्या खोऱ्यात भातशेती पसरलेली आहे. गावाच्या नावातलं ‘श्री’ आपल्याला ओळखीचं वाटतं ते बरोबरच आहे. जावाच्या लोकांची धान्यदेवता देवी श्री. बहुसंख्य माणसं मुसलमान झाली तरी ती भाताच्या कणगीतून गेली नाही. ‘हार्जो’ म्हणजे भरभराट.

पण नावातली भरभराट जमिनीत मात्र नव्हती. १९६९-७०च्या सुमारास दोन अभ्यासकांनी या गावाचा अभ्यास केला. डेव्हिड पेनी हे ऑस्ट्रेलियातले शेती-अर्थशास्त्रज्ञ. मस्री सिंगारिम्बुन हे उत्तर सुमात्रातल्या कारो समाजात १९३० साली जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. पुढे १९७३ साली गाजाह माडा विद्यापीठात लोकसंख्या अभ्यासाचं केंद्र उभं करणारे ते हेच. दोघांचं पुस्तक १९७३ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून निघालं. श्रीहार्जोतलं थोडंसं आर्थिक अंकगणित, असं त्याच्या उपशीर्षकात म्हटलं आहे. अर्थशास्त्र असा मोठा शब्द न वापरता अंकगणित म्हणणारी माणसं माझ्यासारख्या हिशेबनीसाला लगेच जवळची वाटली.

हे अंकगणित ज्या शब्दावर उभं आहे तो शब्द अभ्यासकांचा नाही, गावाचा आहे: ‘चुकुपान’. ‘चुकुप’ म्हणजे पुरेसं. चुकुपान म्हणजे ज्याचं बऱ्यापैकी भागतं असा माणूस. श्रीमंत नव्हे, पण ज्याला उद्याच्या जेवणासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. आपल्याकडे ‘खाऊन-पिऊन सुखी’ म्हणतात, त्याच्या जवळपासचा अर्थ. गावकऱ्यांच्या हिशेबानं पाच माणसांच्या कुटुंबाला चुकुपान होण्यासाठी ०.७ हेक्टर पाण्याखालचं भातखाचर आणि ०.३ हेक्टर घराभोवतीची कोरडी जमीन लागे. आपल्या मापात सांगायचं तर पावणेदोन एकर खाचर आणि पाऊण एकर परस. एवढी जमीन असलेली घरं गावात फारच थोडी होती. बाकी सगळा गाव ‘पुरेसं’च्या खाली जगत होता.

तो कसा जगत होता, हे समजून घ्यायला जावाची शेती थोडी समजून घ्यावी लागते. पाण्याचं खाचर म्हणजे ‘सावाह’. घराभोवतीचा परस म्हणजे ‘पकारांगान’. त्यात नारळ, केळी, फणस, बांबू, कंद असं एकावर एक दाटीनं लावलेलं असतं. ज्याच्याकडे सावाह नाही त्याचा संसार परसावर आणि दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर चाले. श्रीहार्जोत गरिबांचा मोठा आधार होता नारळाच्या गुळाचा. माणूस सकाळ-संध्याकाळ झाडावर चढून फुलोऱ्यातला रस बांबूच्या नळीत गोळा करी. घरातली बाई तो तासन् तास आटवून गूळ करी. झाड दुसऱ्याचं असेल तर उत्पन्नात मालकाचा वाटा, शिवाय सरपणाचा खर्च. पडून जायबंदी होण्याची भीती रोजची. ज्याला दुसरं काही मिळत नाही त्यानं करायचं हे काम. गावात ते करणारे पुष्कळ होते, आणि गावाच्या दारिद्र्याचा पुरावा म्हणून मला तेवढं पुरतं.

ही वेळ का आली, याचं एक उत्तर माणसांच्या संख्येत आहे. १९३०च्या शिरगणतीत जावा आणि मादुरा बेटांवर मिळून सव्वाचार कोटींच्या आसपास माणसं होती. १९७१ मध्ये ती साडेसात कोटींच्या वर गेली. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं १९६३ साली असं मांडलं होतं की जावाचं खाचर कितीही माणसं सामावून घेतं. अधिक हात लावले की थोडं अधिक पिकतं, आणि आहे तेवढं सगळे मिळून वाटून खातात. वाटून घेतलेलं दारिद्र्य, असं तो म्हणाला. डच सरकारला हा भार वेगळ्या रीतीनं दिसला होता. १९०५ पासूनच त्यांनी जावाची कुटुंबं सुमात्रातल्या लांपुंगला नेऊन वसवायला सुरुवात केली होती, आणि स्वतंत्र इंडोनेशियानंही तोच मार्ग पुढे चालवला.

दुसरं उत्तर जमिनीच्या वाटपात आहे, आणि ते त्या काळात मोठ्यानं उच्चारणं सोपं नव्हतं. १९६० साली इंडोनेशियानं जमीनविषयक मूलभूत कायदा केला. कुळाच्या आणि मालकाच्या वाट्यासाठीही कायदा झाला. अंमलबजावणी रेंगाळली तेव्हा १९६३-६४ मध्ये डाव्या शेतकरी संघटनांनी आपणहून जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली. १९६५-६६ मध्ये जे हत्याकांड झालं त्यात लाखो माणसं मारली गेली, आणि जमिनीच्या मागणीवर कम्युनिस्टपणाचा शिक्का बसला. श्रीहार्जोची पाहणी त्यानंतर तीन-चार वर्षांतच झाली. पुस्तकाच्या शीर्षकात आधी लोकसंख्या येते आणि मग दारिद्र्य. जमिनीचं नाव त्यात नाही. याचा दोष मी लेखकांना देत नाही. पण कोणताही हिशेब वाचताना तो कोणत्या वर्षी लिहिला गेला हे पाहायची सवय मला पतसंस्थेनं लावली आहे.

वाटून खाण्याची रीत तरी टिकली का? जावात भात कापायचं काम बायकांचं होतं. बोटांत बसणाऱ्या ‘आनी-आनी’ नावाच्या छोट्या पात्यानं त्या एकेक लोंबी खुडत, आणि कापलेल्या भाताचा ठरलेला हिस्सा, ‘बावोन’, त्यांना मिळे. कापणीला येऊ पाहणाऱ्या बाईला नाही म्हणायचं नाही, असा संकेत होता. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला नव्या बुटक्या वाणांबरोबर ही रीत ढासळू लागली. मालक उभं पीक व्यापाऱ्याला विकू लागले. व्यापारी आपले निवडक मजूर आणि विळे घेऊन येई. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून पाहत. त्याच वर्षांत भात सडायच्या छोट्या गिरण्या गावोगाव आल्या आणि उखळावरचं कांडण संपलं. जावातल्या या बदलांची नोंद १९७३-७४च्या सुमारास अभ्यासकांनी केली आहे. देशाचं उत्पादन वाढलं. १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला. पण कांडणाची मजुरी गेली ती भूमिहीन बायकांची.

याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवावं. १९७१ साली पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ उष्मांकांवरून दारिद्र्यरेषा आखत होते. १९७७ साली इंडोनेशियात साजोग्यो यांनी तीच रेषा तांदळात आखली. ग्रामीण भागात माणशी वर्षाचा सगळा खर्च ३२० किलो तांदळाच्या किमतीएवढाही होत नसेल तर तो गरीब. या दोन्ही रेषा विद्वानांनी वरून आखल्या. चुकुपानची रेषा गावानं स्वतः आखलेली होती, म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते.

सिंगारिम्बुन यांचा मोठेपणा मला दिसतो तो यापुढच्या भागात. ते श्रीहार्जोला पुन्हा गेले, आणि १९९३ साली त्यांनी गावावर पुन्हा लिहिलं. पहिल्या पाहणीत पुढचं चित्र अंधारलेलं होतं. जमीन वाढणार नव्हती, माणसं वाढणार होती. वीस वर्षांनी पाहिलं तर गाव बुडालेलं नव्हतं. रस्ता झाला होता. मिनीबस आणि मोटरसायकली आल्या होत्या. माणसं सकाळी शहरात कामाला जाऊन संध्याकाळी परत येत होती. मुलं अधिक शिकत होती, कुटुंबं लहान झाली होती. गाव उघडं झालं, असं त्यांनी त्याला म्हटलं. आपल्याच जुन्या निष्कर्षाला पडलेलं छेद त्यांनी स्वतःच्या नावानं छापून दिलं.

मग पहिलं अंकगणित चुकलं होतं का? मला तसं वाटत नाही. पावणेदोन एकराचं गणित बरोबरच होतं. त्या गणिताची चौकट मात्र गावाच्या शिवेपाशी संपत होती, आणि उत्तर शिवेबाहेर होतं. आपल्याकडे हे एका माणसानं फार आधी ओळखलं होतं. १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. मान यांच्या आकड्यांचा आधार त्यातही आहे. जमिनीचे तुकडे जोडत बसून प्रश्न सुटणार नाही. शेतीवर जगणारी जास्तीची माणसं उद्योगात गेली पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. श्रीहार्जोत पन्नास-साठ वर्षांनी मिनीबसनं जे केलं ते याच दिशेचं होतं.

पण बाहेरून आलेल्या उत्तराची किंमतही बाहेरूनच ठरते. २७ मे २००६ रोजी पहाटे सहाच्या आधी बांतुलमध्ये भूकंप झाला. त्यात साडेपाच हजारांहून अधिक माणसं मेली आणि दीड लाखाच्या आसपास घरं पूर्ण पडली. जुनी घरं बांबूच्या तट्ट्यांची होती. हातात पैसा आल्यावर लोकांनी विटांची बांधली, पण पुष्कळ घरांत लोखंड आणि पक्कं बांधकाम नव्हतं. दारिद्र्यातून वर आल्याची खूण असलेल्या भिंतीच झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. त्यानंतरची घरबांधणी शेजाऱ्यांच्या गटांनी एकमेकांच्या श्रमानं केली. कापणीतून हटलेली वाटून घेण्याची रीत तिथे पुन्हा कामाला आली.

पिंपळे सौदागरला आज उंच इमारती आहेत. मान यांचे सात एकर तिथे आता चौरस फुटांत मोजले जातात. आमच्या घरीही प्रश्न आलाच आहे. धाकटा भाऊ म्हणतो, दोघांचं मिळून विकून टाकू, पुतण्या शिरवळच्या कारखान्यात लागलाय, आवणीला माणूस मिळत नाही. त्याचं काही चुकत नाही.

मागच्या दिवाळीत मी वहीत आमचा हिशेब मांडला. सव्वीस गुंठ्यांत बरं वर्ष असेल तर नऊ क्विंटल भात. सडून साडेपाच क्विंटल तांदूळ. आम्ही घरात पाच माणसं. साजोग्यो यांच्या मापानं आम्हाला सोळा क्विंटल हवेत. म्हणजे खाचर आम्हाला गरिबीच्या रेषेच्या एक तृतीयांशापर्यंत नेतं. उरलेलं तीस वर्षं पगारानं भरून काढलं. हा कागद मी भावाला दाखवला. तो म्हणाला, मग विकायलाच हवं. आईनं तोच कागद पाहिला आणि विचारलं, पगार नव्हता तेव्हा या तिसऱ्या हिश्शावर कोण जगलं?

श्रीहार्जोच्या माणसांनी अभ्यासकांना आकडा दिला, कारण ‘पुरेसं’ म्हणजे किती हे त्यांनी आपापसांत ठरवलेलं होतं. आमच्या घरात ते अजून ठरलेलं नाही. या पाडव्याला आम्ही दोघं भाऊ आईसमोर बसणार आहोत. विक्रीचं बोलणं त्यानंतर.