वस्तुमांडणी, स्लाइडवरील
सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रे, चौकटी, बाण व मजकूर यांची जागा आणि थर ठरवण्याची क्रिया. पॉवरपॉइंट 1987 मध्ये मॅकिंटॉशसाठी आले. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाच्या वर्गांनी ते तालुक्यांपर्यंत नेले.

नंतर काढलेली वस्तू आधीच्या वस्तूवर बसते. भंडारा जिल्ह्याचा नकाशा घ्यावा: तळाशी जिल्ह्याची सीमा, तिच्यावर वैनगंगेची निळी रेघ, सर्वांत वर सात तालुक्यांची नावे. रेघ शेवटी काढली, तर काठावरच्या पवनीचे नाव झाकले जाते. मग रेघ नावांच्या मागे न्यावी लागते.

‘अलाइन’ कडा जुळवते, ‘डिस्ट्रिब्यूट’ तीन किंवा अधिक वस्तूंमधले अंतर सारखे करते. नजरेच्या अंदाजापेक्षा याच आज्ञा भरवशाच्या.

शेवटी कंट्रोल-जी दाबून गट करावा. मग नकाशा सरकवला तरी तुमसर साकोलीवर जाऊन पडत नाही.